पिल्ले योजनेची, पण दाणा कोणाचा?
परसातील कुक्कुटपालन, धानाची सरकारी खरेदी आणि इथेनॉल: रायपूर परिसरातील लाभार्थ्यांसाठी एक हिशेब

छत्तीसगढमध्ये परसात कोंबड्या पाळण्यासाठी सरकारी अनुदानावर पिल्ले मिळतात. तुमच्या घरी ती आली असतील, किंवा तुम्ही यंदा अर्ज भरणार असाल. पिल्ले किती, अनुदान किती टक्के, कागदपत्रे कोणती, हे सगळे अर्जासोबतच्या माहितीत असते. पण पिल्ले घरी आल्यावर रोज सकाळी उभा राहणारा प्रश्न त्यात फारसा दिसत नाही: या पाखरांना खायला काय घालायचे, आणि ते कुठून आणायचे?

‘परसातली कोंबडी स्वतःच चरते, तिला खर्च नाही,’ असे समजून ही योजना आखली जाते आणि आपणही तसेच समजून अर्ज करतो. दहा-वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज ते का खरे राहिलेले नाही आणि अशा वेळी तुम्ही काय करू शकता, हे या लेखात पाहू.

योजना काय देते

राज्याच्या पशुधन विकास विभागाच्या बॅकयार्ड कुक्कुट इकाई वितरण योजनेत साधारण २८ दिवसांची ४५ रंगीत पिल्ले दिली जातात. एका इकाईची किंमत ३००० रुपये धरलेली आहे. सर्वसाधारण वर्गाला त्यावर ७५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ९० टक्के अनुदान असते. म्हणजे स्वतःचा वाटा ७५० किंवा ३०० रुपये. पैसे भरण्यापूर्वी चालू वर्षाचे आकडे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा पडताळून घ्या.

केंद्राचे पैसे आता वेगळ्या वाटेने जातात. राष्ट्रीय पशुधन अभियानाचे स्वरूप २०२१-२२ मध्ये बदलले. आधी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना थेट पिल्ले देण्यावर भर होता. आता ग्रामीण कुक्कुटपालनात किमान १००० मातृपक्ष्यांचे केंद्र आणि अंडी उबवणी उभारणाऱ्या उद्योजकाला ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये भांडवली अनुदान मिळते. याच अभियानात ‘चारा आणि खाद्य’ असा वेगळा भागही आहे. मात्र त्यातले अनुदान मूरघास, चाऱ्याचे ठोकळे अशा जनावरांच्या वैरणीच्या उद्योगाला आहे. तुमच्या परसातल्या दहा-वीस कोंबड्यांच्या दाण्यासाठी त्यात काही नाही.

थोडक्यात, पिल्लू कुठून येईल याचा विचार धोरणात आहे. ते पुढे काय खाईल, हे तुमच्यावर सोपवलेले आहे.

पहिल्या अंड्यापर्यंतचा हिशेब

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत, सांडलेले दाणे आणि घरातले उष्टे-खरकटे मिळते. तरीही वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींना तेवढे पुरत नाही. या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केल्या आहेत. वनराजा परसात वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते, पण त्यासाठी चरण्याशिवाय वरून दाणा द्यावा लागतो. वाढत्या पाखराला रोज सरासरी ३० ग्रॅम आणि मोठ्या कोंबडीला ४० ग्रॅम वरचा दाणा धरू.

वनराजा साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येते. तुमच्याकडे पिल्लू २८ दिवसांचे येते. म्हणजे पहिले अंडे मिळेपर्यंत सुमारे १५० दिवस नुसतेच खायला घालायचे.

४५ पिल्ले, रोज ३० ग्रॅम, १५० दिवस: सुमारे २०२ किलो दाणा. दाण्याचा भाव समजा किलोला २५ रुपये धरला, तर ५००० रुपयांच्या वर खर्च होतो. काही पिल्ले मरतात, काही चोरीला जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी गोष्ट स्पष्ट आहे. इकाईचे पूर्ण ३००० रुपये नुसत्या दाण्यावर घातले असते, तरी ते शंभर दिवससुद्धा पुरले नसते. अर्जावर तुमचा वाटा ३०० रुपये लिहिलेला असतो. खरा वाटा काही हजारांचा असतो, आणि तो अंडी विकून मिळणाऱ्या पैशाच्या आधी खर्च होतो.

दाणा परवडत नाही म्हणून कोंबड्यांना नुसते सोडून दिले तर काय होते? पाखरे बारीक राहतात, अंडी उशिरा येतात, अशक्त पिल्ले आजाराला आणि मांजर-मुंगसाला बळी पडतात. चार-पाच महिन्यांनी ४५ मधली दहा-बाराच उरली, तर लोक जातीला किंवा सरकारी पिल्लांना दोष देतात. कित्येकदा दोष उपाशी पोटाचा असतो.

एका परसात किती कोंबड्या मावतात

परस म्हणजे कोंबडीचे ताट आहे, आणि ताटाला मर्यादा असते. घरामागची बारी, उकिरडा (छत्तीसगढीत ‘घुरवा’), गोठा, खळे आणि स्वयंपाकघर यांतून रोज ठरावीक अन्नच निघते. आठ-दहा कोंबड्यांना ते पुरत असेल, तर वीस कोंबड्यांच्या वाट्याला त्याच्या निम्मे येईल.

वस्तीत एकाच महिन्यात दहा घरांना प्रत्येकी ४५ पिल्ले मिळाली, तर ४५० नवी पाखरे त्याच गल्लीत, त्याच उकिरड्यांवर फिरू लागतात. कोंबडी कुंपण पाळत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला मिळालेली पिल्लेही तुमच्याच परसातले खातात. इकाई प्रत्येक घराची वेगळी मोजली, तरी चरायचे रान सगळ्यांचे एकच असते.

म्हणून हप्त्यांत पिल्ले मिळण्याची सोय असेल तर ती आवर्जून मागा. एकदम ४५ घ्यावीच लागली, तर दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावा. एका घराची पिल्ले मोठी होऊन नर विकले गेले की दुसऱ्याने घ्यायची.

कणी-कोंडा घरातून कुठे गेला

रायपूर, दुर्ग, धमतरी हा सगळा धानाचा मुलूख. इथे कोंबडीला कणी आणि कोंडा विकत आणावा लागावा, याचे जुन्या माणसांना नवल वाटेल. पण तसे होण्यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण धानाच्या खरेदीत आहे. राज्यात २०२३-२४ च्या हंगामापासून धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये मिळतात आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत धान सरकार घेते. शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. पण त्याचा एक परिणाम परसावर होतो. घरी कांडण्यासाठी ठेवलेले धान कमी झाले, बहुतेक धान सोसायटीत जाते. सरकारसाठी भरडाई करणारा गिरणीवाला एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उसना तांदूळ परत देतो. उरलेला कोंडा, तूस आणि चुरा गिरणीकडेच राहतो. पूर्वी धान गावात भरडले जाई, तेव्हा तांदूळ माणसांना आणि कणी-कोंडा कोंबडी-गाईंना मिळे. आता धान पोत्यातून जाते आणि तांदूळ रेशनच्या दुकानातून परत येतो. वाटेत कोंबडीचा वाटा गळून पडतो.

दुसरे कारण रेशनच्या तांदळाचे. या तांदळात तुकडा २५ टक्क्यांपर्यंत चालत असे. घरोघरी बाया सुपात पाखडून कणी बाजूला काढत आणि ती कोंबड्यांपुढे टाकत. तुकड्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आणण्याचे काम केंद्राने सुरू केले आहे. खाणाऱ्या माणसासाठी हे चांगलेच आहे, त्याच्या ताटात अख्खा तांदूळ येईल. पण सुपातून कोंबडीला मिळणारी मूठ लहान होईल, हे धरून चाला.

तिसरे कारण पेट्रोल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. हे इथेनॉल पूर्वी मुख्यतः उसापासून येई. २०२३-२४ पासून मका हा त्याचा सर्वांत मोठा स्रोत झाला. कणी आणि अन्न महामंडळाचा तांदूळही त्यात जातो. जुलै २०२३ मध्ये महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवले होते. नंतर ते पुन्हा सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर क्विंटलला २२५० रुपये ठरवला गेला. कणीच्या निर्यातीवर सप्टेंबर २०२२ मध्ये बंदी आली होती, ती मार्च २०२५ मध्ये उठली. म्हणजे आज कणीला तीन गिऱ्हाइके आहेत: इथेनॉलचा कारखाना, परदेशी व्यापारी आणि कोंबडी खाद्याचा कारखाना. चौथे गिऱ्हाईक तुम्ही, तेही पाच-दहा किलोचे. मक्याचा हमीभाव २०२५-२६ साठी २४०० रुपये क्विंटल आहे. मका पिकवणाऱ्याला मागणी वाढल्याचा फायदा होतो, पण खाद्य विकत घेणाऱ्याला त्याच भावाची झळ लागते.

या तिन्ही धोरणांत कोणाचा ना कोणाचा फायदा आहे. अडचण अशी की कोंबडीची योजना आखताना कणी-कोंडा अजूनही घरातच आहे असे गृहीत धरले जाते.

ऋतूप्रमाणे ताट बदलते

रोज बाराही महिने सारखीच मूठभर कणी टाकणे ही सर्वांत सर्रास दिसणारी पद्धत आहे. तिच्यात पैसा जातो आणि अंडी वाढत नाहीत, कारण परसात काय कमी आहे ते ऋतूप्रमाणे बदलते.

पावसाळ्यात किडे, गांडुळे, कोवळे गवत भरपूर असते. प्रथिने मिळतात, पण दाणे मिळत नाहीत. तेव्हा कणी किंवा मका द्या, पेंड कमी चालेल.

कापणी-मळणीच्या दिवसांत, म्हणजे कार्तिकापासून पुढे दोन महिने, खळ्यावर आणि शेतात धान सांडलेले असते. कोंबड्या पोट भरून येतात. तेव्हा वरचा दाणा निम्मा करा आणि उरलेला उन्हाळ्यासाठी ठेवा.

उन्हाळ्यात परस सुकतो. किडे नाहीत, हिरवे नाही, पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा फक्त कणी घातली तर कोंबडी जगते, पण अंडी देत नाही. तिला पेंड, वाळवी किंवा अझोला हवा. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, भर दुपारी नको. पाणी मात्र दिवसभर सावलीत हवे. कोंबडी जेवढे खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

घरी करता येईल असे मिश्रण

मोठ्या कोंबड्यांसाठी १० किलो मिश्रण:

• कणी किंवा भरडलेला मका: साडेपाच किलो
• ताजा कोंडा: दोन किलो २०० ग्रॅम
• सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड: दोन किलो
• खनिज मिश्रण: २७० ग्रॅम
• मीठ: ३० ग्रॅम

यात साधारण १६ टक्के प्रथिने बसतात. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याची पूड, चुनखडीचे बारीक खडे किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज असेल ती खाते. अंड्याचे कवच पातळ येत असेल तर बहुधा कॅल्शियमच कमी पडते आहे. लहान पिल्लांना मात्र हे चुन्याचे खाद्य देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही. पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत त्यांना शक्यतो तयार पिल्लांचे खाद्य द्या. या काळात वाचवलेला पैसा पुढे महाग पडतो.

हे घालू नका

• मोहाची आणि करंजाची पेंड. दोन्ही विषारी आहेत.
• कच्चे सोयाबीन. ते भाजल्याशिवाय पचत नाही आणि वाढ खुंटते.
• तिवरा, म्हणजे लाखेची डाळ. तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारे द्रव्य असते.
• बुरशी आलेला मका, शेंगदाण्याची पेंड, ओला राहिलेला दाणा. बुरशीचे विष धुऊन किंवा वाळवून जात नाही.
• खवट वास येणारा कोंडा. कोंड्यात तेल असते, तो लवकर खराब होतो. पंधरा दिवसांपुरताच आणा.
• लोणचे, पापड, फरसाण यांचे उरलेसुरले. जास्त मीठ कोंबडीला मारक ठरते.

दुकानदार कधी मक्याचा स्वस्त चोथा दाखवतात. इथेनॉल काढल्यावर उरणारा हा डीडीजीएस प्रथिनांनी भरलेला असतो. पण मूळ मक्याला बुरशी असेल, तर तिचे विष चोथ्यात सुमारे तिप्पट साठते. वास आणि रंग पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि मिश्रणात दहाव्या हिश्शाहून जास्त घालू नका.

बर्ड फ्लू आणि दाण्याचा संबंध

२०२५ च्या सुरुवातीला छत्तीसगढमधील रायगढच्या सरकारी कुक्कुट केंद्रात आणि नंतर कोरिया जिल्ह्यातील बैकुंठपूरच्या केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि तिथले पक्षी नष्ट करावे लागले. योजनेची पिल्ले अशाच केंद्रांतून येतात. केंद्र बंद झाले की वाटप लांबते. तेव्हा पिल्ले येणार म्हणून महिनाभर आधी दाणा भरून ठेवू नका.

तुमच्या बाजूने काळजी घ्यायची ती दाण्यापासूनच. मोठ्या फार्ममधली वापरलेली खाद्याची पोती घरी आणू नका. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसे कोंबड्यांना घालू नका. तळ्यावर जंगली बदके उतरत असतील तर कोंबड्यांचे पाणी घरचेच ठेवा. रोग आलाच आणि प्रशासनाने पक्षी नष्ट केले, तर पक्ष्यांबरोबर नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याचीही भरपाई देण्याची तरतूद आहे. म्हणून दाण्याच्या पावत्या आणि एक साधी वही जपून ठेवा.

अर्जातले शब्द

अर्ज हिंदीत असतो, बाजारात छत्तीसगढी बोलली जाते. कनकी म्हणजे कणी, कोढ़ा म्हणजे कोंडा, खली म्हणजे पेंड, चूज़ा म्हणजे पिल्लू, कुकरी म्हणजे कोंबडी. एका शब्दाशी मात्र सांभाळा: छत्तीसगढीत ‘जोंधरा’ म्हणजे मका. मराठी कानाला तो जोंधळा, म्हणजे ज्वारी वाटतो. कोंबड्यांना ज्वारीही चालते, पण भाव विचारताना घोटाळा होतो.

तुमच्या हातात काय आहे

धान किंवा इथेनॉलचे धोरण तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. पण चार गोष्टी करता येतात.

एक, घरची शेती असेल तर धानाची दोन-तीन पोती घरी ठेवा आणि गावातल्या लहान गिरणीवर भरडा. तिथे कणी-कोंडा तुमचाच राहील, हे आधी बोलून घ्या.

दोन, बचत गटाने एकत्र येऊन गिरणीवाल्याकडून थेट कणी-कोंडा घ्यावा. एकटी बाई पाच किलो मागते तेव्हा किरकोळ भाव लागतो. दहा जणींनी मिळून दोन क्विंटल घेतले तर भाव ठरवता येतो.

तीन, नर कोंबडे वेळेवर विका. ४५ पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. ते पिल्ले आल्यापासून शंभर दिवसांत, म्हणजे सुमारे चार महिन्यांचे झाल्यावर विकले, तर वरच्या हिशेबातला ३० किलोहून जास्त दाणा वाचतो. शिवाय हाती आलेल्या पैशात माद्यांचे पुढचे खाद्य निघते. सणाची वाट पाहत नर ठेवायचे असतील, तर रोजचा दाणा त्या भावातून वजा करून पाहा.

चार, फुकटचे खाद्य वाढवा. सावलीतल्या टाक्यात अझोला लावा, त्याचे बियाणे कृषी विज्ञान केंद्रात मिळते. मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ उपडे ठेवले की एक-दोन रात्रींत वाळवी भरते. पिल्लांना याहून चांगले प्रथिन विकतही मिळत नाही.

आणि अर्ज करण्यापूर्वी दवाखान्यात किंवा ग्रामसभेत हे प्रश्न विचारा:

• पिल्ले किती दिवसांची असतील? पिल्लांसोबत खाद्य आहे का, आणि किती किलो?
• ४५ पिल्ले दोन किंवा तीन हप्त्यांत मिळतील का?
• पिल्ले देण्यापूर्वी राणीखेत (मानमोडी) रोगाची लस टोचली असेल का, आणि पुढची कधी?
• आमच्या वस्तीत याच महिन्यात आणखी किती घरांना वाटप आहे?
• खाद्याचा खर्च इकाईत धरावा, असा ठराव ग्रामसभा विभागाकडे पाठवू शकते का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिल्ले वाटल्याची नोंद सरकारदरबारी होते, ती किती जगली आणि त्यांनी किती अंडी दिली हे तुमच्या परसात ठरते. परसात आज किती दाणा आहे, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नाही. तेव्हा आधी दाणा मोजा, मग पिल्लांची संख्या ठरवा. दहा पोटभर खाणाऱ्या कोंबड्या पंचेचाळीस उपाशी कोंबड्यांपेक्षा जास्त अंडी देतात.